झोपेचा दवाखाना

आमच्या दवाखान्याच्या पहिल्या पाटीवर ‘मनोविकार उपचार केंद्र’ असं लिहिलं होतं. ती पाटी लावून सात रविवार झाले तरी एक माणूस आत आला नाही. लोक लांबूनच पाटी वाचायचे आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघून जायचे. एकानं तर बायकोला मोठ्यानं सांगितलं की इथं थांबू नको, कुणी बघितलं तर आपल्या घरात कोण येडं हाय म्हणतील.

ही सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. निपाणीत वाचनालयाच्या मागं एक खोली होती, तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाक. डॉक्टर पट्टणशेट्टी दर रविवारी बेळगावहून पहिल्या बसनं यायचे. काकती, संकेश्वर करत ती बस नवाच्या आसपास पोचायची. ते बंगळुरात मनोविकाराचं शिकून आले होते. आमच्या भागात कुणाचं डोकं फिरलं की ‘धारवाडला न्या’, म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात, एवढा एकच उपाय लोकांना ठाऊक होता, आणि ‘धारवाडला नेलं’ हे वाक्य एखाद्या घराबद्दल एकदा बोललं गेलं की त्या घरातल्या पोरींची लग्नं अडायची. म्हणून नेतच नसत. गोठ्यात बांधून ठेवत, नाहीतर देवाला सोडून येत. माणसाला त्याच्या गावात, घरच्यांच्या संगतीत बरं करता येतं असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं.

मी निपाणीचीच. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. आमच्या वस्तीत पोटाला कमी पडलं तरी चालेल पण पोर शिकलं पाहिजे, असं प्रत्येक घरानं ठरवूनच टाकलं होतं. त्यामुळं मी मिरजेला नर्सिंग शिकून आले आणि गावातल्या सूतिकागृहात नोकरीला लागले. डॉक्टरांना रविवारपुरती एक सिस्टर हवी होती. मला रविवारी सुट्टी असायची. एवढ्यावर मी या कामात आले. पुढं तीस वर्षं त्यातून बाहेर पडले नाही.

डॉक्टर घरात कानडी बोलणारे. त्यांच्या मराठीत बाई ‘आला’ आणि पुरुष ‘आली’. पण आमच्याकडच्या बायकाच ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, त्यामुळं त्यांना कुणी हसलं नाही.

पहिला पेशंट आला तो सूतिकागृहातून. सुमन नावाची एक पोरगी आमच्याकडं बाळंत झाली होती, जवळच्याच खेड्यातल्या शेतकऱ्याची सून. सुखरूप घरी गेली. नवव्या दिवशी तिची सासू तानूबाई धापा टाकत माझ्याकडं आली. सून बाळाला जवळ घेत नव्हती, हे माझं नव्हेच, बदललंय म्हणत होती, भिंतीशी बोलत होती. गावानं बाधा ठरवून टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला देवाला न्यायचं नक्की झालं होतं. मी एवढंच विचारलं की ती झोपते का. तानूबाई म्हणाली, पाच दिवस डोळ्याला डोळा नाही. मग मी ‘मनोविकार’ हा शब्द गिळला आणि सांगितलं की रविवारी झोपेचे डॉक्टर येतात, आधी त्यांना दाखवा, देव कुठं पळून जात नाही.

रविवारी बैलगाडीतून आणलं. तानूबाई मोठी कडक बाई. तिनं माझं आडनाव विचारून घेतलं आणि मग माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पण डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यावर पहिली गोळी सुनेला माझ्याच हातून द्यायला लावली, कारण सिस्टरच्या हाताला गुण असतो असं तिचं मत होतं. मी गोळी दिली.

बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं एकाएकी ढासळतं. तो आजार आहे, औषधानं जातो, आणि वेळेवर औषध मिळालं तर लवकर जातो. हे आज कुणालाही सांगता येतं. तेव्हा ते सिद्ध करून दाखवावं लागत होतं. तानूबाईनं औषधाची वेळ एकदाही चुकवली नाही. बाळाला जावेनं पाजलं. चौथ्या रविवारी सुमन स्वतः चालत आली, बाळ उराशी धरून, आणि मला म्हणाली की मधले दिवस मला विहिरीतून बघितल्यासारखे आठवतात. तानूबाईनं त्या दिवशी चहा मागवला आणि माझ्यासमोर बसून प्याली. पाण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तानूबाईनं भाजी विकता विकता सगळ्या बाजाराला सांगितलं की वाचनालयाच्या मागं झोपेचा दवाखाना हाय. त्या रविवारी बाक पुरला नाही. आम्ही पाटी उतरवली आणि नवी केली, ‘झोपेचा दवाखाना’. मराठीत आणि कानडीत. आता कुठली भाषा वर, कुठली खाली, यावर आमच्या गावात काय होऊ शकतं ते सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. रंगाऱ्यानंच तोडगा काढला. त्यानं फळी आडवी मोठी घेतली आणि दोन्ही भाषा शेजारी शेजारी लिहिल्या. संस्था रजिस्टर झाली तेव्हा तिला भारदस्त नाव मिळालं, पण ते फक्त लेटरहेडवर राहिलं. लोकांनी ते कधी उच्चारलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

दीडेक वर्षानंतर एका रविवारी डॉक्टरांना येता आलं नाही. जुन्या पेशंटांच्या गोळ्या द्यायला मी एकटी होते. गर्दी ओसरल्यावर हौसाबाई नावाची एक बाई आत आली. तंबाखू निवडणारी, आईच्याच वखारीतली, तोंडओळख होती. तिचा नवरा दत्तू तिथंच पोती उचलायचा. हाडाचा कष्टाळू माणूस, पण सकाळी उठल्या उठल्या प्यायल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नव्हता. झोपेचं औषध देता तसं दारू सुटायचं काही देता का, असं तिनं विचारलं.

दारूचं काम आम्ही करत नव्हतो. ते मला येत नव्हतं. पण दीड वर्षात गावानं मला ‘आक्का, आक्का’ म्हणून इतकं डोक्यावर घेतलं होतं की एखादी गोष्ट ठाऊक नाही म्हणायची सवयच मोडली होती. मी तिला ठामपणे सांगितलं की औषध-बिषध काही लागत नाही. खोलीत ठेवा, कडी लावा, तीन-चार दिवस ओरडेल, कापेल, पण थेंब देऊ नका. मग आपोआप सुटेल.

पुढच्या रविवारी डॉक्टर होते. हौसाबाई दिराला घेऊन आली. कपाळ मोकळं. रांग सोडून सरळ आत आली, पण तिच्याकडं बघून कुणी काही म्हटलं नाही. दिरानं सांगितलं की पहिल्या दिवशी घाम सुटला, दुसऱ्या दिवशी हातपाय लटपटले, तिसऱ्या दिवशी भिंतीवरचे किडे वेचायला लागला, मग झटके आले, आणि डॉक्टरला बोलवेपर्यंत संपला. हौसाबाई रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

“तुमी सांगितलासा तसंच केलं,” ती म्हणाली. “आमचं काय चुकलं?”

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. ते खुर्चीवरून उठले. पेशंटसमोर ते कधी उठत नसत. त्यांनी बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चूक तुमची नाही, आमची झाली. मग त्यांनी तिला सगळं समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवर उभं असतं. ती एकदम काढून घेतली तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास शरीर कोसळतं. माणसाला नाही ते दिसतं, झटके येतात, जीव जाऊ शकतो. दारू सोडवायची तर त्या दिवसांत औषध आणि देखरेख लागते. कडी लावून भागत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटत होतं. तिनं एवढंच विचारलं की वखारीतल्या बाकीच्या बायकांस्नी हे कोण सांगणार. मग दिराला घेऊन निघून गेली.

मी त्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं की मी काम सोडते. ते म्हणाले की सोडायचं असेल तर सोडा, पण आधी तिसरा दिवस शिकून घ्या. मी शिकले. त्यांच्याकडची जाडजूड इंग्रजी पुस्तकं घरी नेऊन, एका बाजूला शब्दकोश ठेवून वाचली.

दोन आठवड्यांनी रविवारी वखारीतल्या तीन बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन दारात उभ्या राहिल्या. हौसाबाईनं पाठवलं होतं. वखारीत बसल्या जागी, पानं निवडता निवडता, तिनं शंभर बायकांना सांगितलं होतं की माझ्यासारखं करू नका, कडी लावू नका, दवाखान्यात न्या. आपल्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट ती रोज नव्यानं सांगत होती, आणि सांगताना माझं नाव घेत नव्हती. हे मला आईकडून कळलं.

पण तिघांना ठेवायचं कुठं? सूतिकागृहात बाळंतिणींनाच खाटा पुरत नव्हत्या. शेवटी एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आपली रिकामी पडलेली वखार दिली. त्याचा भाऊ दारूनं गेला होता, हे त्यानं आम्हाला फार नंतर सांगितलं. वखारीला आम्ही दोनदा चुना दिला, तरी भिंतीतली तंबाखू जाईना. सहा खाटा टाकल्या. पहिले कित्येक महिने पेशंट, सिस्टर, डॉक्टर, सगळे एका सुरात शिंकत असायचे. तंबाखू सोडा असं आम्ही तिथं कुणालाही म्हणालो नाही. म्हणायला तोंडच नव्हतं.

दारू सोडवायच्या कामात औषधाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. थरथर आवरणाऱ्या गोळ्या द्यायच्या आणि रोज थोड्या कमी करत न्यायच्या, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं, पाणी पाजत राहायचं, नाडी बघायची. हे कुठलीही सिस्टर करील. खरं काम शेजारी बसायचं. माणूस तिसऱ्या दिवशी कुठं आहे ते विसरतो. त्याला मेलेली माणसं दिसतात, मुंग्या दिसतात, पोलीस दिसतात. तो भितो, आणि भ्यालेला माणूस पळतो नाहीतर मारतो. त्याला बांधून घातलं की भीती दुप्पट होते. त्याच्याजवळ एक शांत माणूस पाहिजे, जो त्याला पुन्हा पुन्हा, न कंटाळता, त्याचं नाव आणि ठिकाण सांगत राहील.

तसा माणूस आम्हाला सापडेना. दोन शिकलेली पोरं ठेवून बघितली, दोन्ही आठवड्यात पळाली. आणि एक दिवस वखारीतली पाळी संपल्यावर हौसाबाई आली, एका पेशंटच्या खाटेशेजारी खाली बसली आणि बोलायला लागली, “आज बुधवार हाय. तू निपाणीत हाईस. मी हौसा. घरचं येऊन गेल्यात, परत येणार हाईत.” तो ओरडला की ती थांबायची, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायची. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. का येते ते आम्ही विचारलं नाही. महिन्याभरानं डॉक्टरांनी तिला वखारीतलं काम सोडून इथंच या म्हणून विनंती केली. तिनं आठ दिवस विचार केला आणि आली.

तिच्या हाताखालून गेलेली माणसं आठवली की अजून हसू येतं. एक कंडक्टर होता, बेळगाव-निपाणी गाडीवरचा, भला माणूस. तिसऱ्या दिवशी तो खाटेवर उभा राहिला आणि सगळ्या वॉर्डाला तिकिटं काढायला सांगू लागला. कुणी तिकीट काढलं नाही म्हणून चिडून खाली उडी मारणार, तेवढ्यात हौसाबाई म्हणाली, एक काकती द्या. त्यानं थरथरत्या बोटांनी हवेत तिकीट फाडून दिलं आणि समाधानानं खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं काकती आली म्हणून सांगितलं. हौसाबाई उठली, दोन पावलं चालून परत येऊन बसली. त्या दिवशी ती किमान वीस वेळा काकतीला उतरली असेल. तो माणूस पुढं नोकरी संपेपर्यंत प्याला नाही. हौसाबाई त्याच्या गाडीत चढली की पुढची जागा तो कुणालाही देत नसे, आणि सबंध गाडीला सांगायचा की ह्या माझ्या सगळ्यात जुन्या प्रवासी.

सगळंच असं गोड नव्हतं. बरीच माणसं परत प्यायली. काही चार चार वेळा आली. एक गवंडी दोन वर्षं चांगला राहिला आणि पोरीच्या लग्नात एक घोट घेतला, तिथून सुटला नाही. आम्ही दारू प्यायलेल्या पुरुषांना जेवढी जागा दिली, तेवढी मन आजारलेल्या बायकांना देऊ शकलो नाही. त्यांच्यासाठी कुणी रांगेत उभं राहत नव्हतं. सुमनसारखी एखादी, जिच्यामागं तानूबाई असायची, तेवढीच पोचायची. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तानूबाई सातव्या महिन्यातच सुनेला घेऊन आली आणि डॉक्टरांना म्हणाली की आत्तापासून नजर ठेवा. ती खेप सरळ गेली. पण प्रत्येक सुनेला अशी सासू मिळत नाही.

गल्लीतल्या लोकांनी एकदा नगरपालिकेत आमच्याविरुद्ध अर्ज केला. येडी आणि दारुडी आमच्या दारात नकोत, वखार रिकामी करा. सुनावणीला अर्जदार पंधरा-वीस होते. आम्ही डॉक्टर, हौसाबाई आणि मी असे तिघंच गेलो होतो आणि डॉक्टर कागद नीट लावत होते. तेवढ्यात वखारीच्या बायका आल्या. कामाचा अर्धा दिवस सोडून आल्या होत्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. आत आल्या, भिंतीला लागून रांगेनं उभ्या राहिल्या, आणि अध्यक्षांनी विचारल्यावर एकेकीनं आपल्या नवऱ्याचं नाव, तो कधी दवाखान्यात होता आणि आता कुठं कामाला जातो, एवढंच सांगितलं. ज्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती, त्या घरच्या बायकाही होत्या. आठव्या-नवव्या बाईनंतर अर्जदारांपैकी एक उठून बाहेर गेला. त्याच्या सख्ख्या भावाचं नाव आलं होतं. अर्ज तिथंच राहिला.

ऐंशीनंतर काम पसरलं. बेळगावकडच्या लोकांसाठी हिंडलग्याला एक घर घेऊन दुसरा वॉर्ड काढला. एक जुनी जीप मिळाली, ती आठवड्यातून एकदा खानापूरच्या खेड्यांत जायची आणि महिन्यातून एकदा लोंढ्यापर्यंत. लोंढ्याला रेल्वेची माणसं यायची, गोव्याकडून येणारी दारू त्यांच्या स्टेशनावर थांबायची. मी सूतिकागृह सोडून पूर्णवेळ संस्थेत आले. नव्या सिस्टर आल्या, बंगळुरात शिकलेली दोन मुलं आली. डॉक्टरांचे केस पांढरे झाले. मराठी तेवढी सुधारली नाही.

हिंडलग्याचं घर बघायला जाताना मी आणि हौसाबाई बसमध्ये शेजारी बसलो होतो. आठ-नऊ वर्षं एकत्र काम केलं होतं, पण दत्तूचा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. संकेश्वर मागं पडल्यावर मी तिला म्हटलं की हौसाक्का, त्या रविवारी मी जे सांगितलं, त्याची तुमच्याजवळ मी कधी माफी मागितली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

“तुमी खोटं न्हाय सांगितलासा,” ती म्हणाली. “तुमास्नी ठावंच न्हवतं. ठावं न्हाय म्हणून सांगायला पायजे हुतं, एवढंच.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं. मी त्या दिवसापासून आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या सिस्टरला, प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी तेवढं एकच शिकवलं. इंजेक्शन नंतर शिका, नाडी नंतर बघा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायला आधी शिका. माझ्या नोकरीत मी काय कमावलं असं कुणी विचारलं तर मी दोन वॉर्ड आणि जीप सांगत नाही, हे सांगते.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी संस्थेच्या मान्यतेसाठी बेळगावच्या कचेरीतून एक साहेब निपाणीच्या वॉर्डाच्या तपासणीला आले. पन्नाशीच्या आतले, इस्त्रीचे कपडे, बोलायला तोलून मापून. त्यांनी रजिस्टरं बघितली, औषधांचं कपाट बघितलं, खाटांमधलं अंतर मोजलं. मग कर्मचाऱ्यांची यादी घेतली. डॉक्टरांचं शिक्षण लिहिलं, माझं लिहिलं. हौसाबाईच्या नावासमोर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी तिलाच बोलावून विचारलं की तुमचं शिक्षण काय.

“तंबाखू निवडायला शिकलो,” ती म्हणाली. “मग हे शिकलो.”

साहेबांनी डॉक्टरांना सांगितलं की असं रकान्यात लिहिता येत नाही, आणि ट्रेनिंग नसलेली बाई आजारी माणसांजवळ ठेवली तर मान्यता मिळणं अवघड आहे. मी काहीतरी बोलणार होते, पण डॉक्टरांनी मला थांबवलं. त्यांनी साहेबांना विनंती केली की रकाना रिकामा ठेवा, पण एक तासभर हिच्याशेजारी बसा. आणि एक स्टूल नेऊन ठेवलं.

त्या दिवशी तिसऱ्या दिवसावर एक सुतार होता. अंगावरच्या चादरीवरून मुंग्या वेचून खाली टाकत होता आणि रडत होता. हौसाबाई त्याच्या पायाशी बसली होती. मुंग्या हाईत का न्हाईत, त्यानं तिला विचारलं. असल्या वेळी नवी माणसं दोनपैकी एक चूक करतात. आहेत म्हणून त्याला घाबरवतात, नाहीतर नाहीत म्हणून त्याच्याशी भांडतात. हौसाबाईनं सांगितलं, “मला दिसंनात. पर तू भ्यालाईस, ते दिसतंय मला.” आणि त्याचा हात हातात घेतला. मग वार सांगितला, गाव सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं. तो पुन्हा मुंग्या वेचू लागला, तिनं पुन्हा सांगितलं. साहेब स्टुलावर ताठ बसून होते. अर्ध्या तासानं ते उठले, फायली काखेत मारल्या आणि चहाही न घेता गेले. बाहेर जाताना त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. मान्यता गेली असं आम्ही धरून चाललो.

ती गेली नाही. कागद यायला वेळ लागला, पण आला, आणि सोबतच्या यादीत हौसाबाईच्या नावासमोर ‘अनुभवी’ असा शब्द होता. त्या शब्दाचा मला माझ्या मिरजेच्या सर्टिफिकेटापेक्षा जास्त अभिमान वाटला.

पण साहेब त्याच्या कितीतरी आधी परत आले होते. तपासणीला पंधरा दिवसही झाले नव्हते. सकाळच्या बसनं आले, साध्या सदऱ्यात, आणि त्यांनी एका माणसाचा दंड धरला होता. वयानं मोठे, चेहरा सुजलेला, हात लटपटत असलेले. ते साहेबांचे थोरले भाऊ. शाळेत हेडमास्तर होते. साहेबांना त्यांनीच शिकवलं होतं, त्यांच्या शिक्षणासाठी स्वतःचं लग्न लांबवलं होतं. आता आठ वर्षं घरात हा आजार होता आणि कचेरीत कुणालाही ठाऊक नव्हतं. हे सगळं साहेबांनी मला दारातच, खाली मान घालून सांगितलं. पुढं ते थोरले भाऊ दोनदा घसरले आणि तिसऱ्या खेपेला सावरले. सावरल्यावर हिंडलग्याच्या वॉर्डात पेशंटांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला येऊ लागले. पण ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी आम्ही थोरल्यांना खाटेवर झोपवलं, पहिली गोळी दिली, इंजेक्शन दिलं. रजिस्टरात आणणाऱ्याचं नाव, नातं आणि हुद्दा लिहायचा असतो. साहेबांनी नाव लिहिलं, नात्यापुढं ‘धाकटा भाऊ’ लिहिलं, आणि हुद्द्याचा रकाना तसाच सोडला. मग ते खाटेशेजारच्या त्याच स्टुलावर जाऊन बसले. दुपार झाली तरी उठेनात. भावाचा हात जरा थरथरला की ते माझ्याकडं बघायचे, आता काय होणार, आता काय होणार असं. मी दोनदा समजावून सांगितलं. ते मान हलवायचे, पण जागचे हलायचे नाहीत.

हौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं थोरल्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, मग साहेबांच्या खांद्यावर तोच हात ठेवला.

“सायेब, आज पयला दिस हाय,” ती म्हणाली. “तुमी जेवून घ्या. तिसऱ्याला मी हाय.”

साहेब उठले आणि जेवायला गेले.